एक इस्पितळ, हजार गिरणी कामगार : मुंबईच्या प्लेगचा वाद (१८९६–१८९८)

ऑक्टोबर १८९६. आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांच्या इस्पितळावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले. आत प्लेगचे रुग्ण होते. या रोगावर ठाऊक असलेला एकही खात्रीचा उपाय तेथील डॉक्टरांकडे नव्हता. बाहेरच्या जमावाची मात्र एका गोष्टीविषयी खात्री होती : या दारातून आत गेलेला माणूस परत येत नाही.

ते इस्पितळ आजही उभे आहे. रस्त्याचे नाव साने गुरुजी मार्ग झाले आणि इस्पितळाचे नाव कस्तुरबा. मार्च २०२०मध्ये मुंबईतील करोनाचे पहिले रुग्ण याच आवारात आणले गेले. सव्वाशे वर्षांपूर्वी येथे पेटलेला वाद समजून घ्यायचा, तर ‘अडाणी लोकांनी आधुनिक वैद्यकाला विरोध केला’ ही सोपी गोष्ट आधी बाजूला ठेवावी लागते. सरकारी अहवालांनी ती इतक्या वेळा सांगितली की पुढे आपल्याही पाठ्यपुस्तकांना ती खरी वाटू लागली.

प्रारंभ मांडवीपासून. बंदरालगतची ही वस्ती म्हणजे धान्याच्या वखारी, त्यांवर रचलेली माणसे आणि दोहोंच्या मध्ये उंदीर. सप्टेंबर १८९६मध्ये तेथे काखेत, जांघेत गाठ येऊन माणसे दोन-तीन दिवसांत मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हे रुग्ण पाहिले आणि २३ सप्टेंबर रोजी महापालिकेच्या स्थायी समितीत उघडपणे सांगितले, हा प्लेग आहे.

हे उच्चारणे सोपे नव्हते. मुंबई हे हिंदुस्थानचे प्रवेशद्वार. ‘प्लेग’ हा शब्द एकदा मान्य केला की युरोपातील बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावणार, कापूस अडकणार, हज यात्रा अडकणार. त्यामुळे पहिला वाद रोगाच्या नावावरच झाला. आरोग्य अधिकारी डॉ. वेअर यांनी सौम्य शब्दांचा आडोसा घेतला. वृत्तपत्रांनी अतिशयोक्तीचा आरोप केला. व्हिएगसांचे निदान बरोबर ठरले, पण तोवर दिवस गेले होते. मराठी वृत्तपत्रांत या रोगाला पुढे ‘ग्रंथिक सन्निपात’ हे भारदस्त नाव मिळाले. चाळीतल्या माणसाने त्याला ‘गाठीचा ताप’ म्हटले.

नाव मान्य झाल्यावर सरकारने उलट टोक गाठले. ६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी १८८८च्या पालिका कायद्याच्या आधारे जाहीरनामा काढला. संशयित घरात शिरणे, ते धुऊन काढणे, रुग्णाला त्याच्या वा कुटुंबाच्या संमतीवाचून इस्पितळात नेणे, हे सर्व अधिकार पालिकेने स्वतःकडे घेतले.

इस्पितळात नेणे म्हणजे काय, हे त्या काळच्या कामगाराच्या नजरेतून पाहिले पाहिजे. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला हा माणूस लालबाग-परळच्या खोलीत आठ-दहा गाववाल्यांसह राहतो. आजारी पडला तर गाववालेच पाणी देतात, मेला तर तेच खांदा देतात. इस्पितळात हात कोणाचा लागेल ते ठाऊक नाही, अन्न कोणी शिजवले ते ठाऊक नाही, आणि मृत्यूनंतर प्रेताचे काय होईल तेही ठाऊक नाही. जातीची भीती यात होतीच, ती लपवण्यात अर्थ नाही. पण तिच्याखाली दुसरी, अधिक साधी भीती होती : आपले माणूस अनोळखी ठिकाणी एकटे मरेल.

त्यातून अफवा उठल्या. इस्पितळात माणसांना मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात, ही त्यांपैकी सर्वांत पसरलेली. याच सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने माणसांचे बळी मागितले आहेत, असेही लोक बोलू लागले. (पुतळ्याला डांबर फासणारे आपणच होतो, असे पुढे दामोदर चापेकरांनी लिहून ठेवले.) अफवा खोट्या होत्या. पण अफवेला खतपाणी देणारी वस्तुस्थिती खरी होती. इस्पितळात रुग्ण बहुधा शेवटच्या अवस्थेत पोहोचत आणि त्यांतील बहुसंख्य मरत. घरातल्यांनी लपवायचे, शोधपथकाने उशिरा शोधायचे, रुग्णाने पोहोचताच मरायचे आणि त्या मृत्यूने पुढच्या घराला लपवण्याचे कारण द्यायचे, असे हे चक्र होते.

आर्थर रोडवरचा हल्ला या चक्रातून आला. आणि पुढे जे घडले ते फार कमी सांगितले जाते : आयुक्तांनी माघार घेतली. महिना संपता संपता जाहीरनामा सौम्य करण्यात आला. घरातच विलगीकरण शक्य असेल तर रुग्णाला बळाने हलवू नये, असे ठरले.

माघारीचे कारण स्नो यांनी स्वतःच नोंदवले आहे आणि ते करुणेचे नाही. त्यांना भीती होती ती पालिकेचे सफाई कामगार शहर सोडून जातील याची. त्या काळच्या पालिकेच्या भाषेत त्यांना ‘हलालखोर’ म्हणत. शौचकूप त्यांच्या हातांनी साफ होत, मैला त्यांच्या डोक्यावरून जाई. ते गेले असते तर चार दिवसांत मुंबई राहण्यायोग्य उरली नसती. शहराच्या उतरंडीत ज्यांना सर्वांत खाली बसवले होते, त्यांच्या निघून जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारचा हुकूम मागे घ्यायला लावला. सभा, अर्ज, अग्रलेख यांपैकी कशानेही हे तोवर साधले नव्हते.

तरी शहर रिकामे होतच गेले. बोरीबंदरला आणि कोकणच्या आगबोटींच्या धक्क्यांवर माणसांची रीघ लागली. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७पर्यंत सुमारे ३ लाख ८० हजार माणसे शहर सोडून गेली होती. जवळजवळ निम्मी मुंबई.

गिरण्यांत यामुळे एक विलक्षण प्रकार घडला. तोवर कामगाराचा पगार महिन्याने होई आणि तोही मालक मागे ठेवून देत. अडकलेला पगार हीच कामगाराच्या पायातली बेडी होती. आता माणसे इतकी दुर्मिळ झाली की मालकांना रोजच्या रोज रोख मजुरी द्यावी लागली. रस्त्याच्या कोपऱ्यांवर मजुरांचे बाजार भरू लागले. एका गिरणीचा माणूस बोली लावी, दुसरा ती चढवी. मृत्यूच्या छायेत का होईना, परळच्या कामगाराला आपल्या श्रमाची किंमत स्वतः ठरवता आली. मालकांनी याला ‘बेशिस्त’ म्हटले, हे ओघानेच आले.

इकडे युरोपचा दबाव वाढत होता. १८९७च्या आरंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थान सरकार काही करीत नाही, असे तेथे दिसणे ब्रिटनला परवडणारे नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ‘साथरोग कायदा’ अस्तित्वात आला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. साथ रोखण्यासाठी सरकारला आवश्यक वाटेल तो तात्पुरता उपाय योजण्याची मुभा, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आणि हुकूम बजावणाऱ्याला न्यायालयापासून संरक्षण, एवढाच त्याचा ऐवज.

मार्चमध्ये मुंबईसाठी प्लेग समिती नेमली गेली. अध्यक्ष होते ब्रिगेडियर जनरल गॅटेकर, म्हणजे लष्करी अधिकारी. त्यांच्यासोबत आयुक्त स्नो, एक लष्करी डॉक्टर आणि एक अभियंता. प्रारंभीच्या या चौघांत एकही भारतीय नव्हता. निवडून आलेल्या सदस्यांची महापालिका बाजूला पडली.

समितीच्या काळात मुंबईत काय झाले? घरोघर झडती. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून काख-जांघ तपासणे. प्रेत तपासल्याखेरीज अंत्यविधी नाही. घरांच्या भिंतींना चुना, गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक. उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली जात, खोल्यांमधले आडोसे पाडले जात, ज्या घरात रुग्ण सापडे त्यातील सामान जाळले जाई. काही दारांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे उमटली. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. त्या घरातील माणसांनी जायचे कोठे, याचे उत्तर त्या अक्षरांत नव्हते.

गॅटेकरांविषयी न्याय्य बोलायचे तर ते पुण्याच्या रँडपेक्षा निराळे होते. निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांशी त्यांनी बोलणी केली, जातीजमातींना स्वतःची प्लेग इस्पितळे उघडू दिली. पारशी, भाटिया, जैन, खोजा, मेमन अशा अनेक समाजांची इस्पितळे त्या काळात निघाली. आपली माणसे, आपला स्वयंपाक, भेटायला मोकळीक. तेथे रुग्ण लपवण्याचे कारण कमी झाले. अर्थात ज्या समाजाकडे पैसा होता त्याचेच इस्पितळ निघणार. लालबागच्या चाळीतल्या कामगाराला आर्थर रोडच उरले होते.

पुण्यात तोच कायदा डब्ल्यू. सी. रँड यांच्या हाती होता आणि झडतीचे काम गोऱ्या शिपायांच्या. तेथील हकिगत सर्वांना ठाऊक आहे : २२ जून १८९७ रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या होत्या.

या वादात टिळकांची भूमिका अनेकदा ‘सरकारी उपायांना विरोध’ अशी एका ओळीत सांगितली जाते. ती अपुरी आहे. रोग पसरतो आणि रुग्णाला वेगळे ठेवावे लागते, हे टिळकांना मान्य होते. पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ उभे करण्यात त्यांचा पुढाकार होता. साथ आल्यावर शहर सोडून पळालेल्या प्रतिष्ठितांवर त्यांनी कठोर टीका केली. त्यांचा आक्षेप होता अंमलबजावणीवर : लष्कर कशाला, देवघरात बूट कशाला, तक्रार केली तर ऐकणारा कोण? आज ज्याला उत्तरदायित्व म्हणतात, तोच हा प्रश्न.

सरकारने त्याचे उत्तर न्यायालयात दिले. २७ जुलै १८९७ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. निकालही नेमका सहा विरुद्ध तीन असा लागला. शिक्षा अठरा महिन्यांची. गंमत अशी की खटला ज्या मजकुरावरून भरला तो प्लेगविषयीचा नव्हताच. १५ जूनच्या ‘केसरी’तील शिवराज्याभिषेकोत्सवासंबंधीचे लेखन पुरावा म्हणून पुढे आले. प्लेगच्या कारभारावर खुल्या न्यायालयात चर्चा होणे सरकारला कितपत सोयीचे होते, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

गोखल्यांची कथा याहून अवघड आहे. ते तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्षीसाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रात सांगितले की, झडतीच्या वेळी शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले. लंडनमध्ये खळबळ उडाली. मुंबईला परतल्यावर पुरावा द्यायची वेळ आली, तेव्हा माहिती पाठवणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे येईना. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत आणि स्वतः जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. परंतु प्रश्न तेथे संपत नाही. ज्या समाजात अशा अत्याचाराची वाच्यता पीडितेचेच आयुष्य संपवते, तेथे साक्षीदार कोठून येणार? सिद्ध झाले नाही आणि घडले नाही, या दोन गोष्टी सरकारने मात्र सोयीने एक मानल्या.

जुलै १८९७पासून मुंबईच्या प्लेग समितीचे अध्यक्षपद सर जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे आले. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित असेल : ‘बॉम्बे गॅझेटियर’चे संपादक ते हेच. गावोगावच्या चालीरीती, देवके, सण-उत्सव यांची इतकी बारकाईने नोंद करणारा माणूस आता लोकांच्या घरात शिरणाऱ्या पथकांचा प्रमुख झाला होता. लोकांविषयी माहिती असणे आणि लोकांचा विश्वास असणे यांत किती अंतर असते, हे पुढच्या मार्चमध्ये दिसले.

९ मार्च १८९८. मदनपुरा, भायखळ्याजवळची उत्तर हिंदुस्थानी मुसलमान विणकरांची वस्ती. शोधपथक एका घरी आले. घरात आजारी मुलगी होती, वय सुमारे बारा. पथकाने तिला तपासण्याचा आग्रह धरला. घरच्यांनी परपुरुषाला हात लावू देण्यास नकार दिला. गर्दी जमली, दगड आले, पोलीस आले, गोळीबार झाला. दंगल शहराच्या मोठ्या भागात पसरली. दोन्ही बाजूंची माणसे मेली.

दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी गोष्ट घडली. दुकाने बंद राहिली. गाडीवाले, गोदीतले मजूर आणि गिरणी कामगार यांनी काम थांबवले. पाचच वर्षांपूर्वी, १८९३मध्ये, याच शहरात हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली होती. तेच लोक आता एका विणकराच्या मुलीच्या प्रश्नावर एकत्र हरताळ पाळत होते. राष्ट्रीय सभेच्या कोणत्याही अधिवेशनाला तोवर असे दृश्य दाखवता आले नव्हते.

यानंतर धोरण बदलले. झडतीत स्थानिक प्रतिष्ठितांना सोबत घेणे, सक्तीपेक्षा संमतीवर भर देणे, समाजांच्या इस्पितळांना प्रोत्साहन देणे, या गोष्टी नियम बनू लागल्या. १८९८मध्येच प्लेगचे काम पुन्हा पालिकेकडे आले.

आता मुळातला प्रश्न : ज्या उपायांसाठी एवढे रक्त सांडले, ते उपयोगी तरी होते का?

प्लेगचा जंतू १८९४मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे मुंबईच्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते. घाण, दमट जमीन, दूषित हवा यांवर त्यांचा रोख होता. १८९८मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखवले की उंदरावरची पिसू हा रोग नेते. त्यांची थट्टा झाली. पुढे ग्लेन लिस्टन यांनी मुंबईत त्याला बळकटी देणारा पुरावा मिळवला आणि १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने तो निर्विवाद केला.

याचा अर्थ असा की गाठीचा प्लेग रुग्णाच्या स्पर्शाने सहसा पसरतच नव्हता. बळाने इस्पितळात नेण्याने साथ फारशी थांबत नव्हती. गटारे धुऊन, घरे खणून उंदरांना शेजारच्या घरात पळवले जात होते. उलट, घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडून मोकळ्यावर राहायला जाणे, हा लोकांचा स्वतःचा उपाय शास्त्राच्या कसोटीवर बराचसा टिकला. तेव्हा सरकारच्या लेखी ते पलायन होते. नंतर सरकारनेच त्याची शिफारस केली.

लसीची बाजू मात्र निराळी आहे. ओडेसाहून आलेले, पाश्चर संस्थेत शिकलेले वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा प्रयोगशाळेत तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर चाचणी झाली. कैदी ‘स्वेच्छेने’ पुढे आले असे नोंदींत आहे. तुरुंगातल्या स्वेच्छेला किती वजन द्यायचे, हे वाचकाने ठरवावे. तरुण आगाखानांनी चारचौघांत स्वतःला लस टोचून घेतली आणि राहण्याकामाला जागा दिली, तेव्हा खोजा समाजात लस झपाट्याने स्वीकारली गेली. कायद्याचा धाक न वापरता झालेले हे काम होते. १८९९मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

वाद येथून जमिनीवर उतरला. गलिच्छ वस्ती हेच रोगाचे मूळ, या समजुतीतून १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नागपाड्यात घरे पाडली, समुद्राची हवा शहरात यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, डोंगरीपासून गिरगाव चौपाटीकडे सँडहर्स्ट रोड नेला आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या शेतांवर नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, त्यांचे रुंद रस्ते आणि झाडे ही प्लेगचीच अपत्ये. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या कमी होत्या. हटवलेली माणसे दादरच्या हवेशीर कॉलनीत गेली नाहीत. ती शेजारच्या चाळीत दाटीवाटीने शिरली आणि भाडी वाढली. १९०१च्या जनगणनेत मुंबईत ७,७६,००६ माणसे मोजली गेली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ४५ हजारांनी कमी.

१८९७चा कायदा मात्र शहरापेक्षा चिवट निघाला. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनाविरुद्ध तोच वापरला. आरोग्यसेवकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा एप्रिलमध्ये केंद्राने अध्यादेशाने त्यात दुरुस्ती केली आणि अशा हल्ल्यांसाठी कठोर शिक्षा घातली. ज्याच्या घरात शिरले जाते त्याने तक्रार कोठे करावी, याविषयीचे कलम त्यात १८९७मध्ये नव्हते. दुरुस्तीनेही ते घातले नाही. आणि अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही असे सांगणारे चौथे कलम आपल्या जागी आहे.